एकोणचाळीस तासांचा हिशोब

सकाळी साडेसहाला कमला नेहरू पार्कात आम्ही सात-आठ जण फिरायला जमतो. अर्धा तास फिरायचं आणि तासभर बाकावर बसायचं, असा आमचा व्यायाम. बहुतेक सगळे निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी सिंचन खात्यातून, एकजण शाळेतून. प्रत्येकाचं निदान एक मूल परदेशात आहे. परवा एक नवे गृहस्थ आले. मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेली, जेमतेम महिना झालेला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती तास लागतात हो तिकडे जायला?"

तिघांनी एकदम उत्तर दिलं, "सोळा."

गृहस्थांचा चेहरा जरा सैलावला. "म्हणजे रात्री बसलं की..." "अगदी तसंच. हल्ली नागपूरला जाण्यासारखं झालंय बघा." आणि ते खोटंही नव्हतं. पुण्याहून रेल्वेनं नागपूर गाठायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

मी गप्प बसलो. पहिल्याच दिवशी एखाद्याच्या समाधानावर पाणी कशाला ओतायचं? पण घरी येताना तो सोळाचा आकडा डोक्यातून जाईना. छत्तीस-सदतीस वर्षं बँकेत आकडे तपासण्यात गेली. आकडा बरोबर असूनही हिशोब चुकीचा असू शकतो, हे मला तिथं पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं. सोळा तासांचं तसंच आहे. आकडा बरोबर, हिशोब चूक. आणि या चुकीची किंमत पुण्यातली पुष्कळ घरं मोजताहेत. माझ्या घरानं मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

आधी अंतराबद्दल बोलू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर समोर ठेवा. पुणे पूर्व रेखांश ७३.८ च्या जवळ आहे आणि न्यू यॉर्क पश्चिम रेखांश ७४ च्या. ग्रिनिचच्या एका अंगाला आपण जितके दूर, तितकेच दुसऱ्या अंगाला ते. म्हणजे सूर्याच्या हिशोबानं दोघांत जवळपास दहा तासांचं अंतर. घड्याळं उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक दाखवतात. या दोन शहरांतलं पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,६५० किलोमीटर आहे. पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणं वीस हजार किलोमीटरपेक्षा फारशी लांब असू शकत नाहीत, तेव्हा आपली मुलं अगदी टोकाला गेलेली नाहीत.

भिंतीवरच्या सपाट नकाशात आपण बोट सरळ पश्चिमेला अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं फिरवतो. गोलावर दोरा ताणून बघितला तर तो भलतीकडेच जातो. पुण्यातून निघाला की तो उत्तरेकडे झुकतो, पाकिस्तान आणि मध्य आशिया ओलांडून रशियावर चढतो, पार ध्रुववृत्ताच्या अलीकडे एखाद्या अंशापर्यंत पोचतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. आणखी एक गंमत आहे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे तिकडे जायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा यायला तास-दीड तास कमी लागतो. घरी येताना वारा पाठीशी असतो. मुलानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्या आईला केवढा आनंद झाला होता!

या दोन टोकांमधला प्रवास पुण्याला नवा नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. ज्यांच्या आधारावर त्या गेल्या त्या कार्पेंटरबाई राहायच्या रोझेल या गावी, न्यू जर्सीत. आज आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांची मुलं त्याच राज्यात आहेत. आनंदीबाई डॉक्टर होऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ज्या बाईंनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं त्यांना इथं येणं शक्यच नव्हतं. पुढे आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथं कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. माणूस वेळेवर पोचू शकत नाही हे त्या काळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यामुळे निरोप घेतानाच तो शेवटचा असू शकतो असं धरून घेतला जाई.

मग वेग वाढत गेला. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. मे १९६० मध्ये जेट विमानं न्यू यॉर्कपर्यंत जाऊ लागली. १९६५ च्या अमेरिकन कायद्यानं तिकडचं दार उघडलं, आपले डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन करण्याइतके ते तिथं झाले. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईहून न्यू यॉर्कला कुठेही न थांबता जाणारं विमान सुरू झालं आणि सोळा तासांचा आकडा आपल्या तोंडी बसला. अठ्ठावन्न दिवसांवरून सोळा तास. प्रगती नाही असं म्हणायची माझी छाती नाही.

आता माझा हिशोब मांडतो.

डिसेंबर २०२३ मधला एक गुरुवार. पहाटे पाच वाजता रुग्णालयात माझी पत्नी गेली. आदल्या रात्री नऊपर्यंत ती माझ्याशी बोलत होती, त्यामुळे कुणाला आधी बोलावून घेण्याइतकंही कारण नव्हतं. मुलाला फोन केला तेव्हा न्यू जर्सीत बुधवारची संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. तो ऑफिसातून घरी यायला निघाला होता. त्या रात्रीच्या एकाही विमानात जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या थेट विमानात मिळाली. फोन आला तेव्हापासून विमान हलेपर्यंत साडेसतरा तास. मग आकाशात पंधरा तास, वारा पाठीशी होता. शुक्रवारी दुपारी दीडला तो मुंबईत उतरला. तपासणी, सामान, गाडी, आणि मग घाट. शुक्रवारची संध्याकाळ, खंडाळ्याच्या चढावर ट्रकांची रांग. रात्री आठ वाजता तो दारात उभा राहिला. शेवटच्या दीडशे किलोमीटरना साडेसहा तास.

एकूण एकोणचाळीस तास. त्यातले आकाशात पंधरा. उरलेले चोवीस तास कुठल्याच वेळापत्रकात छापलेले नसतात.

ते एकोणचाळीस तास आम्ही काय केलं? तिला शवागारात ठेवलं. मी घरी येऊन बसलो. नातेवाईक येत होते आणि 'कधी निघायचं?' असं डोळ्यांनी विचारत होते. एक वयस्कर चुलत्या हळूच म्हणाल्या, "इतका वेळ ठेवू नये रे." चूल पेटवायची की नाही, जेवायचं की नाही, कुणालाच ठरवता येईना. मी दर तासाला मोबाइलवर नकाशा उघडून ते चिमुकलं विमान कुठवर आलंय ते बघत होतो. रात्री साडेनऊला आम्ही वैकुंठात पोचलो.

बँकेत मी बरीच वर्षं परकीय चलन विभागात होतो. निर्यातदाराची बिलं परदेशी पाठवली की कागद तिकडे पोचून पैसे येईपर्यंत जो काळ जातो, त्याला आमच्या भाषेत 'नॉर्मल ट्रान्झिट पीरियड' म्हणत. तो पंचवीस दिवसांचा धरला जाई. कागद विमानानं गेला तरी पंचवीसच. कारण बँक विमानाचे तास मोजत नाही. टपाल, सुट्ट्या, तिकडच्या टेबलांवरचा मुक्काम, सगळं धरून ती हिशोब करते आणि तेवढ्या दिवसांचं व्याज आधीच लावते. वाटेत वेळ जाणारच, हे बँकेनं मान्य केलेलं असतं. आणि मी, ज्यानं आयुष्यभर हे कोष्टक वापरलं, त्यानं स्वतःच्या घरात मात्र विमानाचे तास तेवढे धरले. आज गंमत अशी की न्यू जर्सीतून पैसे पाठवले तर ते तासाभरात पुण्याच्या खात्यात दिसू शकतात. माणसाचा ट्रान्झिट पीरियड तेवढा शिल्लक राहिला आहे.

तो का शिल्लक राहतो याची कारणं निरनिराळी आहेत.

पहिलं कारण आपल्या पायाखालचं. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. जुलै २०२४ पासून तिथं नवं प्रशस्त टर्मिनल वापरात आलं, पण धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपासची. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे. साडेबारा हजार किलोमीटरचं इंधन पोटात भरलेलं मोठं विमान समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या लोहगावातून उडवायला ही लांबी पुरत नाही. २००८ मध्ये पुण्याहून फ्रँकफर्टला थेट सेवा सुरू झाली होती, तीही पुढे बंद पडली. आखातापर्यंत नाहीतर आग्नेय आशियापर्यंत जाणारी लहान विमानं आपण पाहिली. बाकी अमेरिकेचा प्रवास म्हणजे आधी घाट.

पुरंदरच्या विमानतळाबद्दल २०१६ पासून ऐकतो आहोत. आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की सगळे हिरिरीनं बोलतात, आणि मीही बोलायचो. पण जागा जाते आहे ती सात गावांची. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा असलेली ती गावं आहेत आणि तिथले लोक वर्षानुवर्षं विरोध करताहेत. माझे घाटातले साडेसहा तास वाचावेत म्हणून कुणी आपलं शेत सोडायचं, हे मला पूर्वीइतक्या सहज म्हणवत नाही. माझा मुलगा घर सोडून गेला तो त्याच्या मर्जीनं. त्यांना मर्जी विचारली जाते आहे का, हा प्रश्न माझ्या गैरसोयीपेक्षा मोठा आहे. विमानतळ व्हावा, पण योग्य मोबदल्यानं आणि संमतीनं व्हावा. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तो निदान मुंबईच्या अलीकडे आहे. पण घाट घाटाच्याच जागी आहे.

दुसरं कारण डोक्यावरचं. गोलावर ताणलेला दोरा पाकिस्तान आणि रशियावरून जातो असं मी वर म्हणालो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. २४ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या हत्याकांडानंतर ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झालं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या विमानांना मिटलं. सगळ्यात जवळची वाट भूगोल दाखवतो, पण तिच्यावरून जायचं की नाही ते राज्यकर्ते ठरवतात. आणि मार्च २०२० तर विसरता येणारच नाही. २३ मार्च २०२० ला नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली, ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. मे २०२० पासून खास विमानं सुटली, पण त्यात जागा मिळणं नशिबाचं. त्या दोन वर्षांत कट्ट्यावरच्या एका मित्राच्या अंत्यविधीला त्याची दोन्ही मुलं मोबाइलच्या पडद्यावर होती. अंतर १२,६५० किलोमीटरच होतं. तासांना मात्र काही अर्थ उरला नव्हता.

तिसरं कारण कागदाचं. कामाच्या व्हिसावर असलेली पुष्कळ मुलं इकडे यायला घाबरतात. परत जाताना पासपोर्टवर नवा शिक्का हवा असेल तर इथल्या वकिलातीची तारीख मिळायला हवी, ती लांबली तर तिकडची नोकरी टांगणीला. आई विचारते, "कधी येतोस?" तो म्हणतो, "बघू गं, मार्चनंतर." त्या 'मार्चनंतर'मध्ये शिक्का असतो, हे आईला कुणी सांगत नाही.

पण माझ्या बाबतीत यातलं कुठलंच कारण मुख्य नव्हतं, आणि हेच मला लिहायला जड जातं आहे.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. मुलानं यावं असं तिच्या मनात होतं. त्याचीही तयारी होती. त्याच्याकडे बावीस दिवसांची रजा शिल्लक होती. फोनवर मीच त्याला म्हणालो, "आत्ता कशाला? तिकिटं महाग आहेत. रजा राखून ठेव. उद्या आम्हाला काही झालं तर उपयोगी पडेल. सोळा तासांत तर येतोस." माझा सूर मला आजही आठवतो. एखाद्या खातेदाराला मुदत ठेव मोडू नका म्हणून सांगावं तसा. ती शेजारीच बसून करंज्यांचं सारण भाजत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. काही बोलली नाही.

तीन-चार आठवड्यांनी ती राखून ठेवलेली रजा उपयोगी पडली.

म्हणून मी म्हणतो की सोळा तासांचा आकडा आपलं नुकसान करतो आहे. तो खोटा आहे म्हणून नव्हे, तर त्यानं आपल्याला एक सोयीची समजूत करून दिली आहे म्हणून. वेळ आली की मुलं येतीलच, मग आत्ता नाही आली तरी चालेल, ही ती समजूत. आनंदीबाईंच्या काळी अठ्ठावन्न दिवस लागत, म्हणून लोक जिवंतपणीच मन भरून भेटत आणि मन भरून निरोप घेत. आपण भेट पुढे ढकलतो, कारण अंतर कमी झालंय असं आपल्याला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे मुलांसाठी थांबूच नये का? तसं मी म्हणणार नाही. मुलगा त्या रात्री वैकुंठातून परतल्यावर म्हणाला, "बाबा, थांबलात ते बरं केलंत. नाहीतर मला खरंच वाटलं नसतं." थांबणं गेलेल्या माणसासाठी नसतं, येणाऱ्यासाठी असतं, हे मला तेव्हा कळलं. पण प्रत्येक घराला एकोणचाळीस तास थांबता येणार नाही आणि प्रत्येक मुलाला एकोणचाळीस तासांतही येता येणार नाही. तेव्हा काही गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात. मी माझ्यापुरतं लिहून ठेवलं आहे: चोवीस तासांपलीकडे थांबू नये. मुलगा नसेल तर पुतणीनं किंवा शेजाऱ्यांनी अग्नी द्यावा. विद्युतदाहिनी चालेल. आणि तो पोचू शकला नाही तर त्यानं अपराधी वाटून घेऊ नये, ही माझी इच्छा समजावी. हे बोलताना फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं." त्यानंतर आम्ही दोघं पुष्कळ मोकळं बोलू लागलो.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी एवढा प्रपंच. मुलांनो, राखून ठेवलेली रजा आत्ताच खर्च करा. आई-वडिलांनो, 'कशाला उगाच' म्हणणं सोडा. सगळ्यांच्याच खिशाला दर वर्षी परवडणार नाही, हे मला कळतं. दोन माणसांच्या तिकिटात इथलं एखादं घर वर्षभर चालतं. पण निदान जी एक फेरी शक्य आहे ती अंत्यविधीसाठी अडकवून ठेवू नका. चार दिवस मिळाले तर चार दिवस. कारण नसलं तरी चालेल.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा आला. गणपती नव्हते, लग्नकार्य नव्हतं, माझी तब्येतही ठणठणीत होती. पावसात दोघं सिंहगडावर गेलो. मी अर्ध्या वाटेत बसलो, तो वर जाऊन पिठलं-भाकरी बांधून घेऊन आला. सकाळी पार्कात माझ्याबरोबर त्याला पाहून कट्टा एकदम गंभीर झाला. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय हो, अचानक कसा? कुणाचं काही...?"

मी म्हणालो, "काही नाही. सहज आलाय."